ग्लेनिसने उत्तर दिलं नाही

बुधवारी अकराच्या सुमारास रसेल हॉकिंग सेमाफोर रस्त्यावरच्या बेकरीत शिरला तेव्हा दुकानात आणखी दोनच गिऱ्हाइकं होती. त्याने मांस-बटाटा भरलेल्या दोन पेस्टी मागितल्या, एक स्वतःला, एक कोरलीला. भट्टीतून यायला पाच मिनिटं लागतील, नाव सांगून ठेवा, असं काउंटरमागची बाई म्हणाली, म्हणून त्याने नाव सांगितलं. बाईने पेन उचललं आणि तसंच धरून ठेवलं. पन्नाशीची असेल, जाड मनगटांची, केस जाळीत बांधलेले. "पोर्टच्या ऑनलाइन पानावर लिहितात ते रसेल हॉकिंग तुम्हीच का?" तिने विचारलं. रसेलच्या चेहऱ्यावर आपोआप एक हसू आलं. चौतीस वर्षं गणित शिकवलेल्या माणसाकडे असं एक हसू तयार असतं. बँकेत, दवाखान्यात, समुद्रकाठी कुणी ना कुणी 'सर, ओळखलंत का' म्हणत समोर येतं आणि न ओळखताही ओळखल्यासारखं करावं लागतं. त्याने मान हलवली. बाईने पिशवीवर त्याचं नाव लिहिलं, सावकाश, एकही अक्षर न चुकता. "ग्लेनिस माझी बहीण," ती म्हणाली. आवाज चढला नाही की उतरला नाही. पिशवी तिने भट्टीजवळच्या फळीवर ठेवली आणि मागच्या माणसाला काय हवंय ते विचारलं.

ती पाच मिनिटं तो काचेजवळ उभा राहिला. हसू अजून चेहऱ्यावरच होतं, ते कुठे ठेवावं कळेना. ग्लेनिस नावाची एकही विद्यार्थिनी त्याला आठवेना. पेस्टी आल्या, त्याने पिशवी घेतली, बाईने पुन्हा त्याच्याकडे पाहिलं नाही. बाहेर ऊन चांगलंच चढलं होतं आणि समुद्राकडून वाळू घेऊन येणारा कोरडा वारा सुटला होता. धक्क्याच्या दिशेने पन्नासएक पावलं चालून गेल्यावर त्याच्या ध्यानात आलं, की बाईने शाळेचं नाव काढलंच नव्हतं. तिने पानाचं नाव काढलं होतं. मग तो त्या पानावरच्या माणसांची नावं मनात फिरवू लागला आणि त्याला जरा गंमत वाटली, कारण नावं त्याला आठवतच नव्हती. आठवत होते ते मुद्दे. परदेशी लोकांमुळे घरभाडी वाढली म्हणणारा एकजण. श्रीमंतांनी अर्धी कमाई कर म्हणून भरावी म्हणणारी एक नर्स. कर म्हणजे चोरी म्हणणारा आणि त्याच आठवड्यात सरकारी रस्त्यातल्या खड्ड्याबद्दल ओरडणारा एक प्लंबर. त्याला तर रसेलने दोन वाक्यांत झोपवला होता. माणसं गळून गेली होती आणि त्यांच्या चुका मात्र आपापल्या जागी नीट उरल्या होत्या, जशा वर्षानुवर्षं तपासलेल्या उत्तरपत्रिकांमधल्या उरतात.

निवृत्त झाल्यावर पहिले सहा महिने त्याने बाग केली होती. बाग काही बोलत नाही. पोर्टचं, म्हणजे बंदराजवळच्या या वस्तीचं, ते पान तेव्हा साधं होतं. हरवलेली मांजरं, बंद पडलेला पथदिवा, जुना सोफा कुणाला हवा आहे का. मग निवडणूक आली आणि एका पक्षाने जाहीर केलं, की भाड्याने दिलेल्या दुसऱ्या घरावर मालकांना मिळणारी करसवलत आम्ही बंद करू. त्या एका वाक्याने पान मधोमध फाटलं. ज्यांची दोन घरं होती ते एका बाजूला, ज्यांचं एकही नव्हतं ते दुसऱ्या बाजूला. मांजरांच्या चौकशीखालीसुद्धा लोक एकमेकांची लायकी काढू लागले. रसेलचा एक फ्लॅट होता, ग्लेनेलगला, आयुष्यभर मुलांच्या वह्या तपासून घेतलेला. एका सकाळी त्याने एका चुकीच्या आकड्याखाली बरोबर आकडा लिहिला, एवढंच. दहा मिनिटांत समोरून उत्तर आलं. त्याने प्रत्युत्तर दिलं. पुन्हा उत्तर आलं. दुपारी कोरलीने जेवायला हाक मारली तेव्हा त्याला कळलं, की आपल्याला भूक लागली आहे आणि किती तरी महिन्यांनी आपल्याला अशी भूक लागली आहे.

घरी आला तेव्हा कोरली डोळ्यांच्या डॉक्टरकडून परतली नव्हती. पेस्टी तशीच ओट्यावर ठेवून तो संगणकासमोर बसला आणि ग्लेनिस हे नाव शोधलं. ग्लेनिस वॉकोप. चौदा महिन्यांपूर्वीची चर्चा. तो वाचू लागला आणि हळूहळू सगळं परत आलं, आधी मुद्दे, मग ती. तिने लिहिलं होतं, की ती उत्तरेला एलिझाबेथ नावाच्या उपनगरात राहते, सरकारी दंतवैद्याच्या यादीत तिचं नाव तीन वर्षं पडून आहे, आणि दोन-दोन घरं असणाऱ्यांची सवलत थोडी कमी केली तर माझ्यासारख्यांच्या दातांची सोय होईल की. सोबत एक आकडा दिला होता आणि तो चुकला होता. अब्जाच्या जागी तिने कोटी लिहिलं होतं. रसेलने ती चूक दाखवली. तिने आभार मानले. आकड्यांमध्ये मी कच्चीच आहे, तिने लिहिलं, पण माझं तोंड मला माहीत आहे. मग त्याने सवलत काढल्यावर भाडी कशी वाढतील ते पाच मुद्द्यांत मांडलं. तिने पाचही वाचून प्रत्येकाखाली एकेक प्रश्न विचारला. प्रश्न भोळे होते, पण मुद्द्याला धरून. दोन दिवसांत तिने त्याला अकरा उत्तरं दिली होती. इतकी उत्तरं त्याला त्या पानावर कुणी दिली नव्हती. बाकीचे तिसऱ्या-चौथ्या फेरीत शिवी घालून निघून जात. ही बाई जात नव्हती. आपलीच वाक्यं वाचताना रसेलला दोन ठिकाणी हसू आलं. चांगली लिहिली होती. एका ठिकाणी तर तो मोठ्याने हसला, रिकाम्या घरात, आणि त्या आवाजाने दचकून त्याने पुढे वाचलं.

पुढे तो फोटो होता. तिसऱ्या दिवशी दुपारी त्याने एक मोठं उत्तर लिहिलं होतं, खपून, तक्त्यासह, आणि त्याखाली तिचं काहीच आलं नव्हतं. एक तास गेला, दोन गेले, तीन गेले. ती दुपार त्याला आता स्वच्छ आठवली. खिडकीचा पडदा, गार झालेला चहा, दर दोन मिनिटांनी पान नव्याने उघडून बघणं. छातीत काहीतरी आवळल्यासारखं होत होतं आणि ते काय आहे हे त्याला ठाऊक होतं, पण त्याचं नाव घ्यायला तो तयार नव्हता. शेवटी त्याने तिचं खातं उघडलं. कुत्रा, कोबीची रोपं, एक जुनी कॅरॅव्हॅन, आणि मुलीच्या लग्नातला एक फोटो. मुलगी पांढऱ्या पोशाखात, शेजारी ग्लेनिस, हातात उंच ग्लास, मान मागे टाकून हसत होती. तोंड पूर्ण उघडं. वरचे पुढचे चार दात नव्हते आणि उरलेले काळे पडले होते. रसेलने मुलीला कापून बाजूला केलं, उरलेला तुकडा चर्चेत, आपल्या तक्त्याच्याच नोंदीवर चिकटवला आणि वर लिहिलं: दातांना पैसे नाहीत, शॅम्पेनला आहेत. तुमचा कर, तिचं हसू.

चारशे बारा जणांनी हसरा चेहरा दाबला होता. आकडा अजून तिथेच होता.

ती चिडेल आणि उत्तर देईल, एवढंच त्याच्या मनात होतं. आता, संगणकासमोर, त्याला हे अगदी लख्ख दिसलं, आणि याहून काही चांगलं कारण निघेल का म्हणून त्याने पुष्कळ शोधलं. निघालं नाही. तिने उत्तर दिलं नाही. चार-पाच दिवस त्याने वाट पाहिली, मग एका बँकवाल्याशी त्याची नवी चर्चा सुरू झाली आणि तो विसरला. फोटो मात्र लोकांनी उचलला. पेन्शनचा विषय निघाला, बेकारभत्त्याचा निघाला, कुठल्याही फुकट गोष्टीचा निघाला, की कुणीतरी तो लावत असे. त्यावर नवनवी वाक्यं, नवनवे रंग. रसेलने स्वतः तो पुढे तीनदा तरी पाहिला होता. एकदा तर ब्रिस्बेनच्या कुणीतरी लावलेला. तिन्ही वेळा तो हसला होता, आणि तिन्ही वेळा हे आपलंच काम आहे हे त्याच्या लक्षातही आलं नव्हतं.

त्याचे वडील, क्लेम हॉकिंग, पोर्टच्या गोदीत हमाल होते आणि युनियनचे कट्टर. रात्रीच्या जेवणाला घरात दुसरा विषय नसे. मालक, मजुरी, कर, कुणाचं पोट कुणाच्या जिवावर भरतं. लहान रसेलने काही म्हटलं, की वडील काटा खाली ठेवून एकच शब्द विचारायचे: "आकडा?" आकडा नसेल तर बोलायचं नाही. रसेल आकडे शिकला. एकोणीस वर्षांचा असताना, शिक्षकी कॉलेजातून सुट्टीला आलेला, त्याने त्याच टेबलावर वडिलांना सिद्ध करून दाखवलं, की ज्या संपाबद्दल ते आयुष्यभर छाती काढून बोलत आले, त्या संपात कामगारांनी मिळवलं त्यापेक्षा गमावलं जास्त. कागदावर मांडून दाखवलं. आई म्हणत होती बस आता, बस, पण त्याने शेवटची ओळ पूर्ण केली. वडिलांनी कागद डोळ्यांजवळ नेला, वरपासून खालपर्यंत पाहिला आणि म्हणाले, "बरोबर आहे तुझं." मग उठून परसात कबुतरांना दाणे घालायला गेले. त्यानंतर सव्वीस वर्षं ते जगले आणि त्या सव्वीस वर्षांत मुलाशी एकदाही वाद घालायला आले नाहीत. फुटबॉल, हवा, गाडीचं तेल. रसेल एखादा विषय काढायचा, मुद्दाम चुकीचा आकडासुद्धा टाकून बघायचा. वडील म्हणायचे, असेल बाबा. ते जिंकणं रसेलने फार वर्षं जिंकणं म्हणूनच सांभाळलं होतं. त्या टेबलावर आपण एकटे पडलो, हे त्याला त्या वयात कळलं नाही आणि पुढे कळलं तेव्हा ते आकड्यात मांडता येईना.

कोरली आली तेव्हा एक वाजला होता. डोळ्यांत औषध घातल्यामुळे तिच्या बाहुल्या मोठ्या झाल्या होत्या आणि ती भिंतीला हात लावत चालत होती. दोघं थंड झालेल्या पेस्टी खायला बसले. रसेलने सहज सांगितल्यासारखं सांगितलं, की बेकरीतल्या एका बाईने आज विचित्रच काहीतरी म्हटलं, कुणा ग्लेनिसची बहीण म्हणे.

"रॉझलिन," कोरली म्हणाली.

तो थांबला. कोरली आपल्या पेस्टीवर सॉस ओतत होती, डोळे बारीक करून, बशीबाहेर जाऊ नये म्हणून. "ती बुधवारी-गुरुवारी असते तिथे," ती म्हणाली. "म्हणून त्या दिवशी बेकरीत मी जाते. आज मी डॉक्टरकडे गेले आणि सांगायचं राहिलं."

मग तिने सांगितलं, आणि जेवता जेवता सांगितलं, घासाला घास. वाचनमंडळातल्या बाईने तो फोटो तिला तेव्हाच दाखवला होता, खाली नवऱ्याचं नाव होतं. कोरलीने ग्लेनिसला पत्र लिहिलं. महिन्याने एका ओळीचं उत्तर आलं. मग फोन झाले. मग ती दोन-तीनदा जाऊन आली. ग्लेनिसचा जावई कामाला होता त्या कारखान्यात तो फोटो जेवणघराच्या भिंतीवर लागला होता, त्यावरून जावई कुणाच्या तरी अंगावर धावून गेला आणि त्याची नोकरी गेली. मुलीने लग्नाचा अल्बम आईकडे आणून दिला, घरात नको म्हणाली. ग्लेनिसने यादीतल्या नंबरची वाट पाहणं सोडलं आणि इस्पितळात जाऊन सगळेच दात काढून टाकायला सांगितले, चांगले होते तेसुद्धा. कवळी नीट बसत नाही. रसेलने विचारलं, हे तू मला का नाही सांगितलंस. कोरलीने तोंड पुसलं.

"ती नको म्हणाली. म्हणाली, सांगितलंस तर तो येईल."

 कोरलीने बशा उचलल्या, सवयीने, बाहुल्या मोठ्या असूनही एकमेकींना न आपटता. ती काही पहिलीच नाही, सिंककडे तोंड करून ती म्हणाली. त्या ग्रीक मुलीचे आईवडील, जिला तू फळ्यापाशी सगळा तास उभं ठेवलं होतंस. पलीकडच्या घरातला लेन. चर्चच्या गायनातला तो म्हातारा. हॉटेलातल्या पोरी तर किती. "तुझ्या मागून मी कितीतरी दारं वाजवलीत, रस." ती रागावलेली नव्हती. कंटाळलेलीही नव्हती. कुणी आपल्या नोकरीबद्दल सांगावं तशी सांगत होती. रसेलला आयुष्यात मिळालेले सगळे नमस्कार आठवू लागले. लेन कुंपणावरून टोमॅटो द्यायचा, गायनातला म्हातारा नाताळाला कार्ड पाठवायचा. ही माणसं आपल्याला मानतात असं त्याला वाटत होतं. ती माणसं खरं तर कोरलीची कीव करत होती. किती दारं, असं विचारावंसं त्याला वाटलं आणि वाटल्याबरोबर आपलीच शिसारी आली, आणि तरीही आकडा कळला असता तर बरं झालं असतं, हे वाटणं काही गेलं नाही.

दोन दिवस तो पानाकडे फिरकला नाही. शुक्रवारी कोरलीला म्हणाला, मला तिची माफी मागायची आहे, समोर जाऊन. कोरली फोन घेऊन परसात गेली. परत येऊन म्हणाली, उद्या दहाला ये म्हणाली आहे. यायचंच असेल तर. तीच म्हणाली असं. आणि गाडी मी चालवते.

शनिवारी गाडी उत्तरेच्या रस्त्याला लागली. रसेलने रात्री माफी लिहून काढली होती, फाडली होती, पुन्हा मनात रचली होती. तीन भागांत होती. पहिल्यात काय केलं, दुसऱ्यात ते चूक का, तिसऱ्यात मागणी काहीच नाही, फक्त खेद. एलिझाबेथच्या सारख्या दिसणाऱ्या विटांच्या घरांतून कोरलीने नकाशा न बघता गाडी नेली आणि एका पत्र्याच्या कुंपणाशी उभी केली. मी इथेच आहे, ती म्हणाली.

जाळीचं दार ग्लेनिसनेच उघडलं. फोटोतली बाई अंगाने भरलेली होती. ही वाळलेली होती, गालाच्या खाली खड्डे. बोलताना ती हात तोंडापाशी नेत नव्हती, फक्त ओठ कमी हलवत होती, आणि 'स' म्हणताना हवा निसटत होती. "या, मास्तर," ती म्हणाली. त्यात टोमणा होता की नाही ते कळायला मार्ग नव्हता. स्वयंपाकघरात प्लॅस्टिकचं टेबलकापड होतं, पंखा होता. तिने न विचारता कॉफी केली, त्याच्यापुढे ठेवली आणि समोर बसली. रसेलने बोलायला सुरुवात केली. पहिला भाग झाला, दुसरा झाला, तिसरा झाला. आवाज कापला, तेही खरं होतं. ती ऐकत होती, टेबलकापडाची एक सुरकुती बोटाने सारखी करत.

"झालं?" तिने विचारलं.

तो म्हणाला, झालं.

"मी काय केलं होतं तुमचं?"

याची तयारी त्याने केली नव्हती. तिसऱ्या भागानंतर समोरच्याने काही विचारायचं नव्हतं. तो पंख्याकडे बघत राहिला आणि मग त्याच्या तोंडून गेलं, "तुम्ही उत्तर देणं बंद केलंत."

ग्लेनिसने मान तिरकी केली. "कधी?"

"त्या दुपारी. मी तक्ता पाठवला होता. तीन तास..."

"कामावर होते मी," ती म्हणाली. "शाळेच्या फरशा पुसते. चार तास असतात मला. फोन कपाटात ठेवावा लागतो आमचा." ती पुढे म्हणाली, "तुमचा तो तक्ता मी संध्याकाळी वाचणार होते. बसमध्ये. मला आवडत होतं ते. माझ्याशी एवढं नीट कुणी बोलत नाही, चूक काढायला का होईना." मग तिने सरळ विचारलं, "तो फोटो काढून टाकलात तुम्ही?"

त्याने काढला नव्हता. बुधवारपासून आज शनिवारपर्यंत, माफीचे तीन भाग रचताना, ते त्याला सुचलंच नव्हतं. त्याला घाम फुटला आणि त्या घामातून तो बोलू लागला. तसा काढून फारसा उपयोग नाही, तो म्हणाला, कारण प्रती आता शेकडो ठिकाणी असणार. समजा एका माणसाने पाच जणांना पाठवला आणि त्या पाचांनी प्रत्येकी पाच जणांना, तर चौथ्या पायरीलाच सहाशे पंचवीस होतात, मग मूळ एक काढल्याने... त्याचं बोट टेबलकापडावर झाडाच्या फांद्या काढत होतं. ग्लेनिस त्या बोटाकडे बघत होती. तो थांबला.

"काढा," ती म्हणाली. "माझ्यासमोर काढा."

त्याने खिशातून फोन काढला. दोनदा चुकीच्या जागी दाबलं गेलं. चर्चा उघडली. फोटो आला, ती मान मागे टाकून हसणारी बाई, आणि तिच्याखाली, त्या चौदा महिने जुन्या चर्चेच्या अगदी तळाशी, आज सकाळचं एक नवीन उत्तर होतं. कुणा अनोळखी माणसाने आज ती चर्चा उकरून काढली होती. फोटोबद्दल त्यात काही नव्हतं. त्याने लिहिलं होतं, की हॉकिंग यांच्या तक्त्यातली तिसरी ओळ चुकीची आहे, त्यांनी महागाई धरलेलीच नाही, आणि गणिताच्या शिक्षकाला हे कळू नये याचं नवल वाटतं. तेरा जणांनी त्यावर पसंतीचा अंगठा दाबला होता. रसेलने तिसरी ओळ आठवली. महागाई त्याने धरली होती. खालच्या टिपेत धरली होती, टीप वाचली असती तर कळलं असतं. फोटो काढला की ती सगळी नोंदच खालच्या उत्तरांसकट जाणार होती, तक्ता जाणार होता, टीप जाणार होती, आणि त्या तेरा जणांच्या डोक्यात फक्त एवढंच राहणार होतं.

"निघत नाही का?" ग्लेनिसने विचारलं.

"एक मिनिट," तो म्हणाला. मान वर न करता म्हणाला. "फक्त एक मिनिट. इथे एकाने काहीतरी चुकीचं..."

तो लिहू लागला होता. आपण लिहितो आहोत हे त्याला दिसत होतं. आपला अंगठा, प्लॅस्टिकचं टेबलकापड, समोर कॉफीवर धरत चाललेली साय, पलीकडे दोन हात एकमेकांवर ठेवून बसलेली बाई, सगळं दिसत होतं, आणि अंगठा थांबत नव्हता. एका ओळीचंच उत्तर होतं. दोन ओळींचं झालं.

"लिहा तुम्ही," ग्लेनिस म्हणाली. "मी थांबते."

खरोखरच ती थांबली. काही वेळाने खुर्ची सरकल्याचा आवाज झाला, नळ सुटल्याचा झाला. त्याने उत्तर पाठवलं. दहा-पंधरा सेकंद तो ते बघत राहिला, कुणी बघतंय का ते बघत. मग त्याने डोळे मिटल्यासारखे केले आणि सगळं काढून टाकलं. खरंच काढायचं का, असं फोनने विचारलं, त्याने हो म्हटलं. फोटो गेला, तक्ता गेला, आत्ता लिहिलेलं उत्तरही कुणी वाचायच्या आत गेलं. पहिली हळहळ त्याला त्या उत्तराची वाटली. "काढला," तो म्हणाला आणि मान वर केली. स्वयंपाकघर रिकामं होतं. त्याचा कप धुऊन पालथा घातला होता. मघाशी तो अर्धा भरलेला होता.

ती परसात दोरीवर चादरी घालत होती, त्याच्याकडे पाठ करून. दारात उभं राहून त्याने पुन्हा सांगितलं, काढला म्हणून. ती वळली नाही. चादरीचं टोक चिमट्यात पकडून ती म्हणाली, "दार ओढून घ्या जाताना. कुत्रा बाहेर जातो."

गाडीत बसल्यावर कोरलीने त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं.  किल्लीला हात लावला होता तो तिने मागे घेतला, पट्टा सोडला, मागच्या सीटवरची आपली पिशवी उचलली आणि कुंपणाचं फाटक उघडून आत गेली. जाळीच्या दाराशी ती क्षणभर उभी राहिली, मग ग्लेनिस घराच्या कडेने आली, हात पुसत. दोघी ओसरीवर उभ्या राहिल्या. कोरली काहीतरी बोलत होती, बराच वेळ बोलत होती, इतकं सलग बोलताना रसेलने तिला कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. ग्लेनिस मान हलवत होती. एकदा तिने कोरलीच्या दंडावर हात ठेवला आणि तो तिथेच राहू दिला. काच वर होती, इंजिन बंद, आत उकडत होतं, आणि एक शब्दही ऐकू येत नव्हता. त्या दोघी आपल्याबद्दलच बोलत असणार, आणि त्यातलं निम्मं तरी चुकीचं असणार, असं रसेलला वाटलं. घटनांचा क्रमच मुळात चुकीचा सांगत असणार. त्याने कपाळावरचा घाम पुसला, सीटवर जरा सरळ होऊन बसला आणि पहिला मुद्दा कुठला घ्यायचा ते ठरवू लागला.